तांत्रिक लिफाफ्यात बाद केलं, आता काय? सरकारी बांधकाम निविदेच्या मूल्यमापनाला आव्हान

प्रश्न गडहिंग्लज भागातल्या एका नोंदणीकृत कंत्राटदाराचा आहे. थोडक्यात असा: १८ कोटींचं रस्त्याचं काम, मुदत १८ महिने. तिघांनी निविदा भरल्या. प्रश्न विचारणारे तांत्रिक लिफाफ्यात, म्हणजे पात्रतेच्या कागदपत्रांच्या तपासणीत, बाद झाले, पोर्टलवर कारण एका ओळीत: 'निविदा क्षमता अपुरी', म्हणजे हातातली कामं सांभाळून एवढं नवं काम पेलवणार नाही. उरलेल्या दोघांचे आर्थिक, म्हणजे दराचे, लिफाफे उघडले आणि त्यातला खालचा दर अंदाजपत्रकापेक्षा २ टक्के कमी निघाला. यांनी स्वतः ६ टक्के कमी भरला होता, म्हणजे सरकारचे ७२ लाख वाचले असते. कार्यालयात विचारलं तर 'समितीचा निर्णय आहे, आमच्या हातात काही नाही' एवढंच उत्तर. कोर्टात जाऊ का, गेलो तर टिकेल का, आणि पुढच्या कामांवर खुन्नस निघेल का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारलेत.

शेवटच्याचं उत्तर आधी देतो, कारण बहुतेक जण तिथंच अडतात. खुन्नस निघते ती बहुधा तोंड सुटलेल्यावर. ज्याच्या अर्जात 'मिलीभगत', 'टक्केवारी', 'भ्रष्ट अधिकारी' असे शब्द असतात आणि पुरावा शून्य, त्याचं नाव कार्यालयात पक्कं लक्षात राहतं. कलम, पान आणि आकडा दाखवून हरकत घेणाऱ्याचं तसं होताना मी फारसं पाहिलेलं नाही. एका कामावरून खात्याशी भांडणारा कंत्राटदार दुसऱ्या कामाचं बिल त्याच टेबलावरून घेत असतो, हे तुम्हालाही माहीत आहे.

आता मूळ विषय. तुमच्या मजकुरात ७२ लाख तीनदा आलेत. ते तूर्त बाजूला ठेवा. एक तर तुमचा आर्थिक लिफाफा अजून उघडलेलाच नाही, त्यामुळे कागदावर तो दर अस्तित्वातच नाही. दुसरं म्हणजे अपात्र माणसाचा दर कितीही खाली असो, त्याला अर्थ नसतो. आधी पात्र व्हा, मग दर बोलेल.

संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय तुमची याचिका ऐकतं तेव्हा ते दुसरी मूल्यमापन समिती म्हणून बसत नाही. टाटा सेल्युलर प्रकरणात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानं ही रेघ आखून दिली: निर्णय कसा घेतला हे तपासायचं, निर्णयाच्या गुणावगुणांवर अपील ऐकायचं नाही. पुढं जगदीश मंडल प्रकरणात त्याचे दोन प्रश्न झाले. निर्णय दुष्ट हेतूनं किंवा कुणाला झुकतं माप देण्यासाठी घेतला आहे का, की कोणताही समंजस अधिकारी घेणार नाही इतका मनमानी आहे? आणि त्यानं सार्वजनिक हिताला बाधा येते का? उत्तरं नकारार्थी असतील तर न्यायालय हात घालत नाही. २०१६ मध्ये अ‍ॅफकॉन्स विरुद्ध नागपूर मेट्रो या निकालानं आणखी एक पायरी चढवली: निविदा ज्यानं लिहिली त्यालाच तिचा अर्थ सर्वांत चांगला कळतो, असं धरून चालायचं. एखाद्या अटीचे दोन अर्थ निघत असतील आणि खात्यानं घेतलेला अर्थ अगदीच ओढूनताणून आणलेला नसेल, तर तुमचा अर्थ जास्त सरस असूनही तुम्ही हरता.

हे वाचून हबकू नका. यातूनच तुमची वाट निघते. 'माझी क्षमता आहे, यंत्रं आहेत, वीस वर्षं रस्ते करतोय' या वाक्यांवर याचिका उभी राहत नाही. 'निविदेत छापलेल्या सूत्रात निविदेनंच सांगितलेला आकडा घातला नाही' या एका वाक्यावर उभी राहते. सरकारनं स्वतः घातलेली अट सरकारवरही बंधनकारक असते, हे १९७९ च्या रमण दयाराम शेट्टी प्रकरणापासून पक्कं आहे. म्हणून भांडण समितीच्या अकलेवर नेऊ नका, समितीच्या हातातल्या कागदावर आणा.

तुमच्या बाबतीत तो कागद म्हणजे निविदा क्षमतेचं सूत्र. सर्वसाधारणपणे ते 'अ गुणिले न गुणिले २, वजा ब' असं असतं. गुणक कुठं दीड, कुठं अडीचही असतो, त्यामुळे तुमच्या निविदेचं ते पान उघडूनच पुढचं वाचा. 'अ' म्हणजे गेल्या पाच वर्षांतल्या कोणत्याही एका वर्षात केलेल्या कामांची सर्वाधिक किंमत, 'न' म्हणजे या कामाची मुदत वर्षांत, आणि 'ब' म्हणजे त्याच मुदतीत तुम्हाला पुरी करायची असलेली हातातली कामं. तुम्ही पाठवलेल्या माहितीवरून 'अ' ९ कोटी, 'न' दीड. गुणाकार २७ कोटी. हातातली तीन कामं मूळ करारानुसार मिळून १३ कोटींची, त्यातलं साडेसहा कोटींचं काम होऊन मोजमाप पुस्तकात नोंदलं गेलंय, बिलंही निघालीत. समितीनं बहुतेक १३ वजा केले: उरले १४ कोटी, काम १८ कोटींचं, तुम्ही बाद. शिल्लक काम धरलं असतं तर साडेसहा वजा होऊन साडेवीस कोटी उरले असते आणि तुम्ही अडीच कोटींच्या फरकानं आत.

मी 'बहुतेक' म्हणालो, कारण समितीनं नक्की काय वजा केलं हे तुम्हालाही माहीत नाही. अंदाजावर याचिका लिहू नये. मूल्यमापनाचा तक्ता मागा. आणि तो हाती येईपर्यंत स्वतःचा लिफाफा परत उघडून तीन गोष्टी निर्दयपणे तपासा.

पहिली, 'ब' साठी निविदेनं कोणता पुरावा मागितला होता? चालू कामांच्या यादीत तुम्ही मूळ रक्कम आणि शिल्लक रक्कम असे दोन्ही रकाने भरलेत, छान. पण निविदेत 'शिल्लक कामाबाबत संबंधित कार्यकारी अभियंत्यांचा दाखला जोडावा' असं असेल आणि तुम्ही फक्त स्वतःच्या सहीचं विवरण लावलं असेल, तर समिती म्हणेल की दाखल्याविना शिल्लक रक्कम मानता येत नाही, म्हणून पूर्ण किंमत धरली. हा बचाव दमदार आहे. इथं तुमची बाजू निम्म्यानं खचते हे मी आत्ताच सांगून ठेवतो. दाखले तिन्ही कामांचे जोडलेले असतील तर मात्र समितीला उत्तर देणं जड जाईल. दोन कामांचे असतील आणि तिसऱ्याचा नसेल तर बसून आकडेमोड करा: तिसऱ्याची पूर्ण रक्कम धरूनही वजाबाकी १८ च्या वर राहते का? बऱ्याचदा राहते आणि तोच सगळ्यात सुरक्षित मुद्दा ठरतो, कारण मग दाखल्याचा वादच शिल्लक राहत नाही.

दुसरी, यादीत एखादं काम सुटलंय का? जिल्हा परिषदेचं, मनपाचं, भागीदारीतलं, कुठलंही. तुम्ही विसरलात आणि प्रतिज्ञापत्रात 'एवढीच कामं' असं लिहून दिलंत, तर विरुद्ध बाजूचा वकील पहिल्या तारखेला तेच काम काढणार. मग विषय क्षमतेचा राहत नाही, खोट्या प्रतिज्ञापत्राचा होतो, आणि काळ्या यादीची नोटीस येऊ शकते. असं काही असेल तर याचिकेचा विचार इथंच थांबवा.

तिसरी, 'अ' च्या आकड्याला सनदी लेखापालाचा दाखला, त्यात चालू किमतीला आणण्यासाठी वाढ धरायची मुभा निविदेत असेल तर ती धरली का? हा मुद्दा कंत्राटदारांच्या हातून हमखास निसटतो. जुन्या वर्षाच्या उलाढालीला वाढीव गुणक लावायची सोय अनेक निविदांत असते आणि तो लावला की कोट-दीड कोट सहज वाढतात.

यानंतर नजर वळवा उरलेल्या दोघांकडे. माझ्या मते मूल्यमापनाच्या भांडणात सगळ्यात धारदार हत्यार तेच आहे. समितीनं तुमची पूर्ण रक्कम वजा केली आणि त्याच तक्त्यात दुसऱ्याची शिल्लक रक्कम वजा केली असेल, तर अ‍ॅफकॉन्सचा आधार खात्याच्या कामाला येत नाही. अर्थ लावायचा अधिकार खात्याला आहे, पण एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा अर्थ लावायचा नाही. २०२४ मध्ये बन्शीधर कन्स्ट्रक्शन विरुद्ध भारत कोकिंग कोल या प्रकरणात हेच झालं. एकाला मुखत्यारपत्राच्या त्रुटीवरून बाद केलं आणि ज्याच्या सक्तीच्या कागदपत्रांत उणीव होती त्याला सांभाळून घेतलं. सर्वोच्च न्यायालयानं हस्तक्षेप केला, आणि तोही निविदांत हात घालू नका असं वर्षानुवर्षं सांगत आलेल्या न्यायालयानं. म्हणून पोर्टलवर दिसणारा तांत्रिक निकालाचा सारांश आणि आर्थिक तुलनात्मक तक्ता आजच उतरवून घ्या, तारीख-वेळ दिसेल असा. नंतर शुद्धिपत्रक निघालं तर आधी काय होतं हे दाखवता आलं पाहिजे.

किरकोळ त्रुटी आणि मूळ अट यांतला फरकही इथंच येतो. १९९१ च्या पोद्दार स्टील प्रकरणात बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत) स्टेट बँकेच्या ड्राफ्टऐवजी युनियन बँकेच्या धनादेशानं भरली होती, तरी ती निविदा स्वीकारणं सर्वोच्च न्यायालयानं योग्य ठरवलं, कारण अटीमागचा हेतू साधला गेला होता. कंत्राटदारांना हा निकाल फार आवडतो. पण नीट पाहा, तिथं सवलत खात्यानं दिली होती आणि न्यायालयानं ती मान्य केली. खातं सवलत देत नसताना न्यायालयानं ती द्यायला लावावी, ही मागणी वेगळी आणि कितीतरी अवघड. निविदेत 'ही कागदपत्रं नसल्यास निविदा नाकारली जाईल' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर पोद्दार स्टीलच्या भरवशावर राहू नका.

आता पत्र. तुम्ही कार्यालयात तोंडी विचारून आलात, त्याला शून्य किंमत आहे. आज किंवा उद्या लेखी हरकत गेली पाहिजे: कार्यकारी अभियंत्यांना, प्रत अधीक्षक अभियंत्यांना, आवक शिक्क्यासह, शिवाय निविदेत दिलेल्या ईमेलवर. निविदेतच हरकतीची मुदत दिलेली असेल तर ती आधी बघा. भाषा साधारण अशी: 'निविदेच्या अमुक पानावरील अमुक कलमानुसार ब म्हणजे शिल्लक कामांची किंमत. आमच्या तांत्रिक लिफाफ्यातील पान क्रमांक अमुक ते अमुक येथे तिन्ही कामांचे शिल्लक रकमेचे दाखले आहेत. त्यानुसार आमची क्षमता २०.५ कोटी येते. आम्हाला अपात्र ठरवताना कोणती रक्कम वजा केली ते कळवावे, मूल्यमापन अहवालाची व समितीच्या इतिवृत्ताची प्रत द्यावी, फेरतपासणी करून आमचा आर्थिक लिफाफा उघडावा, आणि तोपर्यंत कार्यारंभ आदेश देऊ नये.' एवढंच. दोन पानांच्या वर जायचं नाही. आमदारांचं शिफारसपत्र जोडायचं नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण आपल्याकडं पहिला फोन तिकडंच जातो. मंत्रालयातून 'तपासून कार्यवाही करावी' असा शेरा आला की काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात त्या शेऱ्यानं निर्णय बदलत नाही, दिवस मात्र जातात, आणि उद्या विरुद्ध बाजू म्हणते की यांनीच राजकीय दबाव आणला.

या पत्राचा खरा उपयोग उत्तर मिळण्यात आहे. खात्यानं कारण दिलं की ते त्याला चिकटलं. मोहिंदर सिंग गिल प्रकरणापासूनचा नियम असा की आदेशात जी कारणं आहेत त्यावरच आदेश तरला किंवा बुडाला पाहिजे, नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणं घालून त्याला ठिगळ लावता येत नाही. पोर्टलवर 'क्षमता अपुरी' लिहिलंय आणि न्यायालयात 'शिवाय त्यांच्याकडं पेव्हर मशीनही नव्हतं' असं सुरू झालं, तर हा नियम तुमच्या कामाला येतो. उत्तरच आलं नाही तर तेही याचिकेत लिहिता येतं. काम केंद्र सरकारच्या खात्याचं असेल तर सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधल्या नियम १७३ वर बोट ठेवा: निविदाधारकानं विचारल्यास नाकारण्याची कारणं सांगितलीच पाहिजेत, असं तिथं आहे. राज्याच्या कामांना ते नियम आपोआप लागू होत नाहीत. तमिळनाडू, कर्नाटक, राजस्थान या राज्यांनी निविदांसाठी कायदे करून त्यात अपिलाची सोय ठेवली आहे. महाराष्ट्रात तसा कायदा नाही, म्हणून आपली सगळी मदार हरकतीच्या अर्जावर आणि उच्च न्यायालयावर. अमेरिकेत सरकारी हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाकडं (जीएओ) तक्रार वेळेत गेली की साधारणपणे काम आपोआप थांबतं आणि शंभर दिवसांत निकाल लागतो, हे ऐकून आपले कंत्राटदार सुस्कारा सोडतात. आपल्याकडं आपोआप काहीच थांबत नाही.

म्हणून वेळेबद्दल जरा जास्त बोलतो. रमण दयाराम शेट्टी प्रकरण मी वर सांगितलं. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाची ती निविदा होती. प्राधिकरणानं स्वतःच घातलेली अनुभवाची अट मोडून एकाला ठेका दिला, हे चूक असं न्यायालयानं म्हटलं, आणि तो निकाल आजही प्रत्येक निविदा याचिकेत पहिल्या दोन पानांत येतो. पण शेट्टींना काय मिळालं? काही नाही. याचिका महिनोन्‌महिने उशिरा आली होती, तोवर ठेका मिळालेल्यानं पैसे गुंतवले होते, आणि अर्जदाराचा स्वतःचा हितसंबंधही न्यायालयाला खरा वाटला नाही. तत्त्व जिंकलं, माणूस हरला.

रस्त्याच्या कामात हे आणखी कडक होतं. २०१८ च्या दुरुस्तीनं विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यात (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) कलम २०-अ आलं. परिशिष्टातल्या पायाभूत प्रकल्पांच्या करारांबाबत काम लांबेल असा मनाई हुकूम देऊ नये, असं ते सांगतं, आणि त्या परिशिष्टात रस्ते-पूल आहेत. ते कलम दिवाणी दाव्यांसाठी असलं तरी २०२२ च्या एन. जी. प्रोजेक्ट्स निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की रिट न्यायालयानंही, म्हणजे अनुच्छेद २२६ खाली याचिका ऐकणाऱ्या उच्च न्यायालयानंही, ही बाब ध्यानात घ्यावी, आणि जमल्यास काम थांबवण्यापेक्षा नुकसानभरपाईकडं पाहावं. त्या निकालातही रस्त्याचंच काम होतं. अर्थ सरळ आहे: कार्यारंभ आदेश निघून खडी पडायला लागली की तुमची बाजू कितीही खरी असो, स्थगिती मिळणं जवळजवळ संपतं. भरपाईचं म्हणाल तर करारच झालेला नसताना नफा बुडाला म्हणून पैसे वसूल करणं हा वेगळा डोंगर आहे, त्यावर हिशेब बांधू नका. आपल्याकडं पावसाळ्यापूर्वी डांबरीकरण उरकायची घाई असते, गगनबावडा-राधानगरी पट्ट्यात तर विचारायलाच नको. त्या दिवसांत स्वीकृती पत्र आणि कार्यारंभ आदेश यांत फार अंतर राहत नाही. पत्राला उत्तर येईल म्हणून पंधरवडा वाट पाहणं परवडत नाही. पत्र देऊन चार-पाच दिवसांत याचिका दाखल, हा हिशेब ठेवा.

एका बाबतीत दिवस बरे आलेत. पूर्वी असल्या तातडीच्या कामाला रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून मुंबई गाठावी लागायची आणि अर्धा जीव तारीख मिळण्यातच जायचा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू आहे, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडं आहेत. निविदेची रिट याचिका खंडपीठापुढं, म्हणजे दोन न्यायमूर्तींपुढं चालते. तातडीची सुनावणी मागायची तर तातडी कागदावर दिसली पाहिजे: आर्थिक लिफाफा कधी उघडला, स्वीकृती पत्र निघालंय का, कार्यारंभ आदेश कधी अपेक्षित.

याचिकेत मोजक्या गोष्टींवर नजर ठेवा. खालचा दर आलेल्या कंत्राटदाराला प्रतिवादी करा. त्याच्या हातातलं काम काढायचं आणि त्यालाच ऐकायचं नाही, हे कोणतंही न्यायालय करणार नाही, आणि त्याला जोडायला विसरल्यामुळं आठवडा फुकट जातो. त्यानं बहुतेक कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असा आगाऊ अर्ज) टाकलेलं असेल, तेव्हा एकतर्फी आदेशाची आशा धरू नका. शासन निर्णय, पत्रव्यवहार, दाखले असे जे कागद मराठीत आहेत त्यांची इंग्रजी भाषांतरं आत्ताच करायला टाका. ऐन वेळी त्यातच दोन दिवस जातात. मागणी नेमकी ठेवा: अपात्रतेचा निर्णय रद्द करून निविदेतल्या सूत्रानं फेरमूल्यमापन करावं आणि पात्र ठरल्यास आर्थिक लिफाफा उघडावा. 'काम मलाच द्यावं' असं मागू नका, ते न्यायालय देत नाही आणि मागणाऱ्याचा तोल सुटलाय असं वाटतं. अंतरिम मागणीत स्थगिती मागा, पण तिच्या खाली 'निदान दिला जाणारा कार्यारंभ आदेश याचिकेच्या निकालाच्या अधीन राहावा' हेही लिहा. बऱ्याचदा मिळतं ते हेच. आणि इथं, शेवटी, तुमचे ७२ लाख येतात. सार्वजनिक हिताच्या प्रश्नावर दोन ओळींत ते मांडा, सीलबंद लिफाफा उघडल्यास दिसेल असं म्हणून. कार्यालयात तो लिफाफा कुणी उघडला तर काय, अशी भीती तुम्ही लिहिलीत. ई-निविदेत तो अधिकृत अधिकाऱ्यांच्या डिजिटल किल्लीविना उघडत नाही, आणि दर भरून मुदत संपल्यावर तुम्हालाही बदलता येत नाही. उलट त्यामुळंच न्यायालय तुमच्या दरावर विश्वास ठेवू शकतं.

बाकीचे मार्ग पटकन. माहिती अधिकारात अर्ज जरूर टाका, पण उत्तराला ३० दिवस, नकार आला तर पहिलं अपील. तोवर रस्ता निम्मा झालेला असतो. लोकायुक्तांकडं तक्रार करता येते, ते चौकशी करून शिफारस करतात, स्थगिती देत नाहीत. लवाद नाही, कारण करारच झालेला नाही. दिवाणी दाव्याला सरकारविरुद्ध दोन महिन्यांच्या नोटिशीची अट आणि वर कलम २०-अ, म्हणजे तो रस्ता बंदच समजा. एखाद्या सामाजिक कार्यकर्त्याच्या नावानं जनहित याचिका टाकू का, असं विचारणारे भेटतात. नको. हितसंबंध लपवून आलेल्या माणसाला न्यायालय काय करतं ते वर शेट्टी प्रकरणात दिसलंच.

तुमच्या प्रश्नात नसलेली पण या विषयात रोज येणारी एक गोष्ट. 'कामापासून अमुक किलोमीटरच्या आत स्वतःचा हॉटमिक्स प्लांट पाहिजे' अशा अटीबद्दल निविदा हरल्यावर ओरडणारे पुष्कळ असतात. अटीला आव्हान द्यायचं तर निविदा भरण्याआधी, निविदापूर्व बैठकीत लेखी मुद्दा टाकून द्यायचं. अट मान्य आहे असं प्रतिज्ञापत्र देऊन निविदा भरली, हरलो आणि मग अट वाईट म्हटलं, तर दारातच परत पाठवतात. तुमचा वाद अटीशी नाही, अटीच्या वापराशी आहे. याचिकेत हे पहिल्या परिच्छेदातच स्पष्ट करा.

सल्लागार नेमणुकीसारख्या निविदांत, जिथं तांत्रिक सादरीकरणाला गुण देतात, तिथं मामला आणखी नाजूक असतो. ८० ऐवजी ७२ गुण का, यावर न्यायालय चर्चा करत नाही. लिफाफे उघडल्यावर गुणांचे पोटनिकष तयार केले असतील, किंवा गुणपत्रकावर सदस्यांच्या सह्यांच्या तारखा जुळत नसतील, तरच काही हाती लागतं.

आता निकाल तुमच्या बाजूनं लागला तरी काय होऊ शकतं तेही ऐका. खातं फेरमूल्यमापन न करता सगळी निविदाच रद्द करून नव्यानं काढू शकतं. 'कोणतेही कारण न देता निविदा रद्द करण्याचा अधिकार राखून ठेवला आहे' हे वाक्य प्रत्येक निविदेत असतं. त्या वाक्यामुळं मनमानी करता येते असं नाही. सुबोध कुमार सिंग राठौर प्रकरणात २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मनमानी रद्दबातल ठरवली आहे, पण तिथं काम दिलं गेलेलं होतं. कार्यारंभ आदेशाआधी निविदा रद्द झाली तर तिच्याविरुद्ध लढणं कठीण. फेरनिविदेत तुमचा स्पर्धक तुमच्या ६ टक्क्यांचा अंदाज घेऊनच बसलेला असेल. वकील, भाषांतरं, फेऱ्या हा सगळा खर्च करून पदरात फेरनिविदा पडली तर चालेल का, याचा निर्णय आधी घरात बसून घ्या. शिवाय उगाच टाकलेल्या याचिकेवर खर्च लादण्याकडं न्यायालयांचा कल वाढलाय.

माझं मत विचाराल तर असं. तिन्ही कामांचे शिल्लक रकमेचे दाखले तुमच्या लिफाफ्यात अपलोड झालेले असतील, यादीत एकही काम सुटलेलं नसेल आणि कार्यारंभ आदेश निघालेला नसेल, तर जा, आणि या आठवड्यात जा. दाखले नसतील पण दुसऱ्या एखाद्याला दाखल्याविना शिल्लक रक्कम धरून पात्र केल्याचं तक्त्यात दिसलं, तरीही जा, मात्र मग याचिका पूर्णपणे समान वागणुकीवर उभी करा. दाखले नाहीत आणि तुलनाही तुमच्या बाजूची नाही, तर हरकतीचं पत्र देऊन थांबा आणि पुढच्या निविदेसाठी तिन्ही कार्यकारी अभियंत्यांकडून दाखले घेऊन ठेवा, दर तीन महिन्यांनी नवे.

जाताना दोन गोष्टी आजच करा. तुमच्या निविदेची वैधता कधी संपते ते बघा. ती संपली तर फेरमूल्यमापनासाठी निविदाच उरत नाही, म्हणून हरकतीच्या पत्रातच 'आमच्या दराची वैधता पुढील ९० दिवसांसाठी वाढवण्यास संमती आहे' असं लिहून टाका. आणि बयाणा रक्कम परत घ्या असा संदेश येईल, पोर्टलवरून ती आपोआप खात्यात जमाही होईल. झाली तर त्याच दिवशी एका ओळीचं ईमेल करा की ही रक्कम हक्क राखून स्वीकारली आहे आणि फेरमूल्यमापन झाल्यास पुन्हा भरण्याची तयारी आहे.